शीट रोलवरचा माणूस : परभणी जिल्ह्यातील सैनिकी नोंदी आणि त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास

सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानाचे निवृत्तिवेतन, त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन, अपंगत्वाचे वेतन, पदके आणि मुलांच्या शिक्षणाच्या सवलती या सर्वांचा उगम शीट रोल नावाच्या एका दस्तऐवजात असतो. भरतीच्या दिवशी जवानाने सांगितलेले नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, गाव, टपाल कचेरी, तहसील, पोलीस ठाणे आणि जवळचे रेल्वे स्थानक ही माहिती त्यात उतरवली जाते. पुढे सेवेत जे जे घडते, म्हणजे लग्न, अपत्यजन्म, बढती, जखम, शिक्षा, ते 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या आदेशातून प्रसिद्ध होऊन त्याच दस्तऐवजात चढते. ही कागदपत्रे जिथे राहतात त्या कचेरीला रेकॉर्ड ऑफिस म्हणतात, आणि ती जवानाच्या जिल्ह्याशी नव्हे, त्याच्या रेजिमेंटशी बांधलेली असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची कचेरी बेळगावात, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याची नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, तर गार्ड्सची कामठीला आहे. त्यामुळे परभणीतल्या एकाच गावच्या, एकाच आळीत राहणाऱ्या तीन माजी सैनिकांना आपल्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करायची झाली तर तीन वेगवेगळ्या शहरांशी पत्रव्यवहार करावा लागतो.

या नोंदींतल्या चुकांचे खापर बहुधा कारकुनावर फोडले जाते. परभणी जिल्ह्यापुरते पाहिल्यास हे स्पष्टीकरण फार तोकडे पडते. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्याची गावपातळीवरची लिपी एक, तहसिलीची दुसरी आणि सैन्याची तिसरी होती. त्याचे सरकारी पंचांग बाकीच्या देशाहून वेगळे होते. आणि त्याच्या सीमा व त्याचे राज्य पन्नास वर्षांत अनेकदा बदलले. कारकुनाच्या लेखणीतून जे चुकले असे वाटते, त्यातले बरेचसे या स्थित्यंतरांनी आधीच चुकवून ठेवलेले होते. दुरुस्तीची पद्धत मात्र हा इतिहास जमेस धरत नाही. पहिला कागद खरा, आणि माणसाने त्याच्याशी जुळवून घ्यावे, असे ती मुळातच गृहीत धरते.

जिल्ह्याचा सैन्याशी असलेला संबंध जुना आहे, पण तो सरळ नाही. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता, आणि हिंगोली हे एकोणिसाव्या शतकात निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेचे एक प्रमुख ठाणे होते. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास उभारलेल्या 'रसेल ब्रिगेड'पासून ही फौज वाढत गेली, आणि १८५३ च्या तहानंतर ती 'हैदराबाद कंटिन्जंट' या नावाने ओळखली जाऊ लागली. कंटिन्जंट म्हणजे करारान्वये ठेवलेली तैनाती पलटण. १८१९ मध्ये हदगावजवळच्या नोव्ह्याच्या गढीवर हटकर सरदार नोवसाजी नाईक याच्याविरुद्ध याच फौजेने मोहीम केली, आणि त्या गावाचे नाव रोमन लिपीत 'नोवाह' असे होऊन पलटणींच्या रणसन्मानांत जाऊन बसले. ज्या रेजिमेंटच्या निशाणावरच मराठवाड्यातले गाव असे वळण बदलून आले आहे, तिच्या कागदांत एखाद्या शिपायाचे गाव नीट उतरले असेल अशी अपेक्षा करणे जरा भाबडेपणाचेच ठरते.

हिंगोलीच्या छावणीचा कागदपत्रांशी निगडित एक प्रसंग येथे नोंदवण्याजोगा आहे. निजामाच्या चाकरीतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या बाजारपेठेतील हरिसिंग नावाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. या गृहस्थाने मुंबईहून कापड आणण्यासाठी जिल्ह्याच्या मुलकी अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला, त्या कापडाच्या खऱ्या मालकाचा वाटेत खून केला, आणि तोच परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला. परवाना अस्सल होता, शिक्का अस्सल होता, फक्त धनी खोटा होता. पुढच्या काळातील माजी सैनिकांची अवस्था नेमकी याच्या उलट झाली: माणूस खरा, आणि कागद मात्र त्याला ओळखत नाही.

१९०३ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात कंटिन्जंटचे वेगळे अस्तित्व संपले, हिंगोलीची छावणी उठली, आणि तिथल्या पलटणी हिंदी सैन्यात नव्या क्रमांकांनी सामील झाल्या. पायदळाच्या पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांतल्या बहुतेक '१९ वी हैदराबाद रेजिमेंट' या नावाखाली एकत्र आल्या. आणि २७ ऑक्टोबर १९४५ रोजी या रेजिमेंटचे नाव बदलून 'कुमाऊँ रेजिमेंट' झाले. स्वातंत्र्यानंतर तिचे केंद्र आग्र्याहून रानीखेतला गेले. परिणामी हिंगोलीच्या छावणीतून निघालेल्या परंपरेचा माग काढणाऱ्याला आज हिमालयाच्या डोंगरांत जावे लागते. अर्थात, कंटिन्जंटमध्ये भरती होणारे शिपाई प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानातील आणि दख्खनी मुसलमान असत. परभणीच्या कुणबी, महार, हटकर किंवा बंजारा कुटुंबांतून मोठ्या संख्येने भरती होऊ लागली ती पुढे, आणि विशेषतः हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर. महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात झाली होती. १९४८ नंतर तिचे, मराठा रेजिमेंटचे आणि तोफखान्याचे दरवाजे मराठवाड्यातील तरुणांना सहज खुले झाले. ज्यांच्या नोंदींचा प्रश्न आज उभा राहतो तो जवानांचा मोठा वर्ग याच पिढीचा, म्हणजे साधारणतः १९३० ते १९५० या काळात निजामी मुलखात जन्मलेल्यांचा आहे.

या पिढीचा जन्म ज्या कागदांवर नोंदला गेला त्यांची भाषा समजून घेतल्याशिवाय चुकांचे मूळ कळत नाही. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. गावचा कुलकर्णी आपले दप्तर मोडीत लिही, तहसिलीचा कारभार उर्दूत चाले, आणि शाळेचा दाखला बहुधा उर्दूत मिळे. उर्दूच्या लिपीत 'ळ' आणि 'ण' हे मराठी वर्ण नाहीत, आणि ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिलेच जात नाहीत. त्यामुळे नावातला 'ळ' कागदावर 'ल' होतो, 'ण' हा 'न' होतो, आणि मधला स्वर वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोडला जातो. असा दाखला भरती कचेरीतील इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनापुढे आला की तो आणखी एकदा भाषांतरित होई. ज्ञानोबा हा ग्यानोबा किंवा डन्यानोबा होई, मारोती आणि मारुती ही दोन माणसे ठरत, किसन आणि कृष्णा यांतले कुठले खरे हे सही करणाऱ्यालाही सांगता येत नसे. मराठवाड्यात नावापुढे 'राव' लावण्याची रीत आहे, आणि हा 'राव' ऐच्छिक असतो: गावात माणिक, लग्नपत्रिकेत माणिकराव, सातबाऱ्यावर कधी हे कधी ते. सैन्याच्या कागदावर मात्र तो एकदा लिहिला गेला की नावाचा कायमचा अवयव होतो, आणि पुढे आधार कार्डावर नसला की दोन व्यक्तींचा संशय येतो. स्वतः सैन्याने याला आणखी एक पदर जोडला होता, कारण स्वातंत्र्यापर्यंत हिंदी सैन्यातील शिपायांचे शिक्षण रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदुस्थानीतून होत असे.

नावापेक्षाही गुंतागुंतीची गोष्ट म्हणजे जन्मतारीख. हैदराबादचा सरकारी कारभार फसली सनाने चाले. फसली म्हणजे पिकाचे वर्ष. त्याचा पहिला महिना आजर हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई, आणि त्यापुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर आणि आबान असे इराणी नावांचे महिने येत. इसवी सन काढण्यासाठी फसली सनात ५९० मिळवावेत असा ढोबळ नियम होता. पण तो आजरपासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंतच खरा ठरतो, आणि जानेवारी लागला की ५९१ मिळवावे लागतात. वर्ष बदलण्याची ही रेषा बहमन महिन्याच्या अखेरीस जाते. याचा अर्थ असा की फसली १३४४ च्या तीर महिन्यात जन्मलेला मुलगा वास्तविक १९३५ च्या मे महिन्याच्या आसपासचा असतो, पण ज्याने सरसकट ५९० मिळवले त्याच्या हिशेबी तो १९३४ चा होतो. उलट ज्या कारकुनाला ५९१ ची सवय होती त्याने आजर महिन्यातल्या मुलाला वर्षभराने लहान करून टाकलेले असते. येथे कोणी खोटे बोलले नाही आणि कोणाचे अक्षरही चुकले नाही. एका बेरजेने माणसाचे आयुष्य एका वर्षाने पुढेमागे सरकले, इतकेच.

ज्यांच्याकडे असा दाखलाही नव्हता त्यांची जन्मतारीख दोन रीतींनी तयार होई. पहिली शाळेची: मुलाला घेऊन आलेल्या बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून ही तारीख टाकून मोकळे होत, कारण शाळा जूनमध्ये उघडे आणि सहा वर्षे पूर्ण झाल्याची खातरी त्यातून आपोआप मिळे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो तो याच कारणाने. दुसरी रीत सैन्याची: उमेदवार निरक्षर असला किंवा दाखला नसला तर वैद्यकीय अधिकारी अंगावरून वयाचा अंदाज बांधी, आणि भरतीच्या तारखेतून तितकी वर्षे मागे मोजून जन्मतारीख ठरे. ज्याची जन्मतारीख आणि भरतीची तारीख यांत दिवस आणि महिना हुबेहूब सारखा आढळतो, त्याची नोंद अशी घडली असावी असे अनुमान करायला हरकत नाही. गावात कोतवाल बुक नावाचे जन्म-मृत्यूचे दप्तर असे खरे, पण त्यात मुलाचे नाव नसून 'अमक्याला मुलगा' एवढीच नोंद सापडण्याचा संभव असतो, कारण बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते; अशा वेळी चार भावांपैकी ही नोंद कोणाची हे सिद्ध करणे हा एक स्वतंत्रच वाद होतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे, म्हणजे या पिढीच्या जन्मानंतरचा.

जुन्या दप्तरांचा हा प्रश्न केवळ सैनिकांचा नाही हे अलीकडे साऱ्या मराठवाड्याने पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद बाहेर काढावे लागले, आणि ते वाचू शकणाऱ्या माणसांचा शोध घ्यावा लागला. त्याआधीची अनेक वर्षे, आपला शाळेचा उर्दू दाखला हातात घेऊन तो वाचून देणारा मौलवी किंवा जुना कारकून शोधत फिरणाऱ्या माजी सैनिकाला अशी कुठलीच समिती लाभली नव्हती.

गाव आणि जिल्हा यांच्या नोंदीतही अशीच पडझड झाली आहे. १९५५ मध्ये हिंगोली तालुक्यातून भरती झालेल्या जवानाच्या शीट रोलवर जिल्हा परभणी, राज्य हैदराबाद असे लिहिले जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजी परतूर तालुका परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात गेला, आणि १९९९ मध्ये हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. जवान जागचा हलला नाही. त्याच्या गावाचा पत्ता मात्र तीन राज्ये आणि दोन जिल्हे फिरून आला. त्यातच बुद्रुक आणि खुर्द या जोडगावांचा घोळ आहे. हे दोन्ही फारसी शब्द आहेत, बुजुर्ग म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, आणि इंग्रजी कागदावर त्यांची दोन अक्षरी संक्षिप्त रूपे एकमेकांच्या जागी सहज पडतात. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले तेव्हा काही वस्त्या उठल्या. बंजारा तांड्यांना तर महसुली गाव म्हणून वेगळे अस्तित्वच नव्हते, त्यांचा पत्ता शेजारच्या गावाच्या नावाने लिहिला जाई. या सगळ्यात टिकून राहिलेली नोंद बहुधा एकच: जवळचे रेल्वे स्थानक. विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची परभणी, पूर्णा, सेलू ही स्थानके त्याच नावांनी आजही उभी आहेत, आणि ज्याच्या गावाचा पत्ता जुळत नाही त्याचे स्थानक जुळते.

धर्म आणि जातीच्या रकान्याचा इतिहास वेगळा आहे, कारण तिथे बदल जाणीवपूर्वक झाला. १९५६ च्या धर्मांतरानंतर परभणीतील हजारो महार कुटुंबे बौद्ध झाली. त्याआधी भरती झालेल्या जवानाच्या शीट रोलवर हिंदू महार अशी नोंद असे, आणि त्याच्या मुलाच्या दाखल्यावर नवबौद्ध. ही चूक नाही, हा समाजाच्या इतिहासातला एक निर्णय आहे. तरीही कागदांची तुलना करणाऱ्या कचेरीत तो 'विसंगती' या नावाने ओळखला जातो.

सर्वाधिक हाल मात्र स्त्रियांच्या नावांचे झाले. सामान्य कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना १ जानेवारी १९६४ पासून लागू झाली, आणि त्यामुळे जवानाच्या पत्नीचे नाव प्रथमच सैन्याच्या दृष्टीने पैशाचा प्रश्न बनले. मराठी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची रीत आहे. माहेरचे एक, सासरचे दुसरे आणि आळीतले तिसरे अशा नावांत वावरणाऱ्या बाईचे कुठले नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये जावे हे ठरवणारा जवान बहुधा हजारो किलोमीटर दूर एखाद्या चौकीवर होता. त्याने युनिटच्या कारकुनाला जे सांगितले आणि कारकुनाने जे ऐकले ते छापले गेले. कैक जवानांनी तर लग्नाची नोंद वेळेवर करवूनच घेतली नाही, कारण पार्ट टू छापून येणे म्हणजे काय याचे महत्त्व कळायला वैधव्य यावे लागते. पूर्वीच्या निवृत्तिवेतन आदेशांवर, म्हणजे ज्याला सर्वजण पीपीओ म्हणतात त्या कागदावर, पत्नीचे नाव असेच असे नाही. जवान वारला की विधवेला दोन गोष्टी एकदम सिद्ध कराव्या लागतात: आपण त्याची पत्नी आहोत ही एक, आणि गयाबाई व गंगाबाई या दोघी एकच आहेत ही दुसरी. दुसरी अधिक अवघड, कारण त्यासाठी स्वतःच्याच नावाविरुद्ध साक्ष द्यावी लागते.

दुरुस्तीची ठरलेली वाट अशी आहे. माजी सैनिक किंवा त्याची विधवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करते. या कार्यालयाची वंशावळ पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने उभारलेल्या सोल्जर्स बोर्डांपर्यंत जाते, आणि परभणीतली जुनी माणसे अजूनही त्याला 'सैनिक बोर्ड'च म्हणतात. अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रांत दिलेली जाहीर सूचना, डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि गावाकडची ओळखपत्रे जोडून प्रकरण रेकॉर्ड ऑफिसकडे जाते. तिथे मान्य झाले तर नवा पार्ट टू ऑर्डर निघतो, आणि त्यावरून प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रकांची निवृत्तिवेतन कचेरी शुद्धिपत्र, म्हणजे कॉरिजेंडम पीपीओ, काढते. हा शेवटचा कागद हाती येईपर्यंत आधीचे कागद म्हणजे नुसती आशा असते. मधल्या कुठल्याही टप्प्यावर एका अक्षराचा फरक निघाला तर प्रकरण उलट पावली परभणीला येते.

नावाच्या दुरुस्तीला निदान वाट आहे. जन्मतारखेच्या दुरुस्तीला ती जवळपास नाहीच. भरतीच्या वेळी नोंदलेली तारीख अंतिम मानली जाते, आणि उघड लेखनदोष किंवा भरतीपूर्वीचे शालान्त प्रमाणपत्र यांसारखा पुरावा असल्याखेरीज ती बदलत नाही. शासकीय सेवेच्या अखेरीस तारीख बदलून मागता येणार नाही हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही १९९३ च्या हरनाम सिंग प्रकरणात ठामपणे मांडले. यात शासनाची भीती समजण्यासारखी आहे, कारण निवृत्ती जवळ आल्यावर तरुण होण्याची इच्छा सगळ्यांनाच होते. पण सैन्याच्या बाबतीत आणखी एक अडचण कायद्यातच बसलेली आहे. आर्मी अॅक्ट, १९५० च्या कलम ४४ प्रमाणे भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. सोळाव्या वर्षी अठरा सांगून भरती झालेल्या मुलाला पुढे खरी तारीख लावून घ्यायची तर आधी आपला गुन्हा कबूल करावा लागतो. साहजिकच तो गप्प राहतो, आणि दोन वर्षांनी थोरला असलेला तो कागदी माणूस त्याच्यासोबत म्हातारा होतो.

ही केवळ शिपायांचीच व्यथा आहे असेही नाही. माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या जन्माचे वर्ष सैन्याच्या एका शाखेत १९५० आणि दुसऱ्या शाखेत १९५१ असे नोंदलेले होते. त्यांचा जन्म पुण्याच्या लष्करी रुग्णालयात झालेला, आणि चुकीचे मूळ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशासाठी त्यांनी तरुणपणी भरलेल्या अर्जात होते. तरीही १० फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा कल पाहून त्यांना आपली याचिका मागे घ्यावी लागली, आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी ते निवृत्त झाले. ज्याच्या हुकमाखाली सारी रेकॉर्ड ऑफिसे होती त्याला जे साधले नाही ते जिंतूर किंवा पालमच्या नाईक-हवालदाराला साधावे, असे म्हणायला फारसा आधार उरत नाही.

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे पूर्वी एखाद्या सैनिकाची नोंद बदलायची तर संसदेत त्याच्यापुरते खासगी विधेयक आणावे लागे. १९४६ च्या कायद्याने ते बंद करून प्रत्येक सेनादलासाठी नागरी सदस्यांची दुरुस्ती मंडळे स्थापण्याची वाट केली, आणि त्यांना केवळ लेखनदोष नव्हे तर अन्यायही दूर करण्याचा अधिकार दिला. भारतात असे मंडळ नाही. रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला तर २००७ च्या कायद्याने निर्माण झालेले आणि २००९ पासून काम करणारे सशस्त्र सेना न्यायाधिकरण हाच पर्याय उरतो, आणि महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून तारखेला हजर राहणे सत्तरीतल्या माणसाला किती वेळा शक्य आहे हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात येत नाही. न्यायालयांनी मात्र काही बाबतींत दार किलकिले ठेवले आहे. तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतनाचा अन्याय हा चालू राहणारा अन्याय मानून उशिराने आलेला दावाही ऐकण्याजोगा ठरवला, जरी थकबाकी तीन वर्षांपुरती मर्यादित केली. आणि धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये असे सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. या दुसऱ्या निकालाचे महत्त्व परभणीसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात वेगळेच आहे, कारण इथे कागदाचे बोलणे नेहमी जवानाच्या विरोधात गेले, आणि पहिल्यांदाच कागदाचे मौन त्याच्या बाजूने धरले गेले.

कागद मौन पाळतो याचे आणखी एक कारण असे की तो अनेकदा उरलेलाच नसतो. निवृत्तिवेतन न घेता सेवेतून गेलेल्या जवानांची सेवापत्रे २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा सैन्याचा नियम आहे; त्यानंतर 'लाँग रोल' नावाच्या नोंदवहीतली एखादी ओळ तेवढी राहते. शिपायाला निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते, आणि त्याआधी घरच्या शेतीसाठी किंवा आजाराने परत आलेल्या जवानांची संख्या कोरडवाहू मुलखात थोडी नसणार. त्यांच्या बाबतीत दुरुस्ती कशाची करायची हाच प्रश्न पडतो.

२०२१ पासून संरक्षण निवृत्तिवेतनाची 'स्पर्श' नावाची संगणकीय व्यवस्था आली, आणि बँकांकडे असलेली माहिती टप्प्याटप्प्याने तिच्यात गेली. परभणीत पुष्कळांचे निवृत्तिवेतन स्टेट बँक ऑफ हैदराबादमधून येई. १९४१ मध्ये निजामाच्या राज्यात स्थापन झालेली ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली होती, म्हणजे ही व्यवस्था येण्यापूर्वी खातेपुस्तिका एकदा बदलून झाली होती. पूर्वी बँकेतला माणूस चेहरा ओळखून एका अक्षराच्या फरकाकडे काणाडोळा करी; संगणकाला तसे करता येत नाही. पीपीओ, आधार आणि पॅन यांवरचे नाव व तारीख तंतोतंत जुळली पाहिजे, आणि जुळत नसेल तर सर्वांत स्वस्त उपाय कुठला हे लोकांनी लवकरच ओळखले. शीट रोल बदलायला वर्षे लागतात, आधार बदलायला काही दिवस. म्हणून 'रेकॉर्डला जसं आहे तसं करून घ्या' असा सल्ला दिला जातो, आणि मारोती आयुष्याच्या अखेरीस मारुती होतो, विधवा तिला कधीच कोणी हाक न मारलेल्या नावाने आधार काढते. नोंद दुरुस्त झाली असे त्यानंतर कागदावर दिसते.

आज या पिढीसाठी वर्षाचा फरक पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा झाला आहे. १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे वयाला ८० वर्षे पूर्ण झाली की निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर पूर्ण १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू आहे. फसली सनाच्या बेरजेत एक वर्ष चुकलेल्या जवानाची ही वाढ एक वर्ष लवकर किंवा उशिरा सुरू होते. विधवांच्या बाबतीत प्रश्न आणखी मागे जातो, कारण जुन्या पीपीओवर त्यांची जन्मतारीखच नसते, आणि शाळेत न गेलेल्या बाईकडे १ जूनचा आधारही नसतो. आपले वय ती रझाकारीच्या साली किंवा पोलीस अॅक्शननंतर किती वर्षांनी अशा हिशेबाने सांगते, आणि हा हिशेब बहुधा बरोबर असतो. पण अर्जातल्या रकान्याला दिवस, महिना आणि वर्ष हवे असते. तिच्या आधार कार्डावर अंदाजाने घातलेले केवळ वर्ष असले तर तारखेच्या जागी १ जानेवारी येते. म्हणून एकाच घरात, एकाच छताखाली, १ जूनला जन्मलेला हवालदार आणि १ जानेवारीला जन्मलेली त्याची बायको असे जोडपे सापडते, आणि त्यांच्या थोरल्या मुलाचा वाढदिवस पार्ट टू ऑर्डरप्रमाणे त्या दिवशी असतो ज्या दिवशी त्याच्या वडिलांच्या युनिटला गावाकडचे पत्र पोहोचले होते.